करविणारे आणि राखणारे : श्रवणबेळगोळच्या शिलालेखांतील जीर्णोद्धाराचा वारसा

विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या चढून भगवान बाहुबलींच्या चरणांशी पोहोचलेल्या मराठी यात्रेकरूला तेथे आपल्याच भाषेतील अक्षरे भेटतात. ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ ही ती सुप्रसिद्ध ओळ. मराठीतील आद्य शिलालेख म्हणून दीर्घकाळ ती विद्यार्थ्यांना शिकविली गेली. आज अनेक संशोधक हा मान रायगड जिल्ह्यातील अक्षी येथील शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ च्या लेखाला देतात, तथापि या ओळीविषयी मराठी जैन समाजाला वाटणारा जिव्हाळा तसूभरही उणावलेला नाही.

मात्र या ओळीच्या जोडीला दुसरी एक ओळ आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गंगराजाने येथील सुत्तालय करविले, असे ती ओळ सांगते. सुत्तालय म्हणजे मूर्तीच्या सभोवतीची ओवरी. चावुंडरायांनी इ. स. ९८१ च्या सुमारास मूर्ती घडविली. होयसळ नरेश विष्णुवर्धन यांचे सेनापती गंगराज यांनी बाराव्या शतकाच्या प्रारंभी तिच्याभोवती ओवरी उभारली. दोघांमध्ये शतकाहून अधिक काळाचे अंतर आहे. दोघांचे राजे निराळे आणि राजवंशही निराळे. तरीही शिलालेखाने दोघांची नावे शेजारी शेजारी, एकाच क्रियापदाने नोंदविली. ज्याने निर्माण केले तो ‘करविणारा’ आणि निर्माण झालेल्याची ज्याने काळजी वाहिली तोही ‘करविणारा’च.

श्रवणबेळगोळच्या सहस्र वर्षांच्या इतिहासाचे मर्म या दोन ओळींत साठविलेले आहे. वास्तू चिरकाल टिकावी म्हणून पूर्वसूरींनी कोणती दृष्टी ठेवली आणि कोणती व्यवस्था लावली, याची साक्ष तेथील शिलालेख पानोपानी देतात. कर्नाटकातील शिलालेखांच्या ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या संग्रहाच्या इ. स. १९७३ च्या आवृत्तीत एकट्या या क्षेत्राचे ५७३ लेख समाविष्ट आहेत. त्यांतील कित्येक लेख युद्धांविषयी वा विजयांविषयी नसून दूध, फुले, चुना, तळी आणि जमिनी यांविषयी आहेत.

पाषाणातील दूरदृष्टी

प्रथम मूर्तीचाच विचार करू. सुमारे ५७ फूट उंचीची ही मूर्ती गंग नरेश राचमल्ल यांचे मंत्री व सेनापती चावुंडराय यांनी, आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांच्या सान्निध्यात घडविली. बाहेरून शिळा आणून ती जोडण्याचा मार्ग शिल्पींनी अवलंबिला नाही. डोंगरमाथ्यावरचा ग्रॅनाइटचा प्रचंड खडक त्यांनी आहे त्याच जागी कोरला. त्यामुळे मूर्तीला सांधा नाही. जेथे सांधा असतो तेथे पाणी मुरते, गवत उगवते आणि कालांतराने भेग रुंदावते. ही मोठीच चिंता मुळातून दूर झाली. मांड्यांपर्यंत चढत गेलेली वारुळे आणि हातापायांना वेढलेली माधवीलता बाहुबलींच्या दीर्घ तपश्चर्येची खूण आहेत. मूर्तीच्या पायांजवळचा भाग भक्कम राखण्याचे कामही तीच करतात. मांड्यांच्या वर मूर्तीला पाठीमागे कसलाही आधार नाही.

मूर्तीवर छप्पर नाही, हीदेखील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. ऊन, वारा आणि पाऊस अंगावर घेत उभे राहणे हे कायोत्सर्गातील योग्याला साजेसेच होय. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले, तर जे छप्पर नाही ते गळत नाही, कुजत नाही आणि मूर्तीवर कोसळतही नाही. मूर्ती आकाशाखाली मोकळी आणि तिच्याभोवती सेवेकऱ्यांसाठी व दर्शनार्थींसाठी ओवरी, अशी ही रचना आहे.

अभिषेकाच्या पाण्याची व्यवस्था तर विशेष अभ्यसनीय आहे. मूर्तीच्या डाव्या चरणाजवळ एक वाटोळे दगडी कुंड आहे. समोरच्या वारुळावर त्याचे ‘ललितसरोवर’ हे नाव कोरलेले आहे. अभिषेकाचे पाणी प्रथम या कुंडात जमते. कुंड भरले की शिळांनी झाकलेल्या पाटातून ते समोरच्या विहिरीत जाते आणि तेथून आवाराबाहेर, गुळ्ळेकायिअज्जीच्या दारानजीकच्या गुहेपर्यंत नेले जाते. पाणी कोठून येणार याचा विचार सर्वच करतात. ते कोठे जाणार याचाही विचार येथे झालेला आहे. देवालयाच्या पायाशी साचणारे पाणी हा त्याचा मोठा वैरी असतो, हे त्या स्थपतींना पुरते ठाऊक असले पाहिजे.

पाण्याचे गाव

बेळगोळ या नावातच पाणी आहे. ‘बेळ’ म्हणजे पांढरे आणि ‘कोळ’ म्हणजे तळे. शिलालेखांत हे गाव धवलसरोवर व श्वेतसरोवर या नावांनीही येते. दोन्ही टेकड्या उघड्या खडकाच्या आहेत. पावसाचे पाणी त्यांवरून वेगाने वाहून जाते. म्हणून खडकातील नैसर्गिक खळग्यांत ते साठवायचे आणि पायथ्याशी तळी बांधायची, अशी रीत पडली. चंद्रगिरीवर अशा खळग्यांना ‘दोणे’ म्हणतात. कंचिन दोणे व लक्की दोणे आजही दाखविली जातात. लक्की हे एका स्त्रीचे नाव आहे. गंगराजांच्या थोरल्या बंधूंच्या पत्नी जक्किमव्वे यांनी बांधलेले तळे ‘जक्किकट्टे’ या नावाने ओळखले जाते. सतराव्या शतकात चेन्नण्ण नावाच्या गृहस्थाने एक कुंड बांधले, तेही त्याच्या नावाने स्मरणात आहे. मंदिर बांधण्याइतकेच पुण्य पाणी साठविण्यात आहे, अशी त्या काळच्या श्रावक-श्राविकांची धारणा यावरून दिसते.

गावाच्या मध्यभागी असलेल्या मुख्य कल्याणीचा इतिहासही बोधप्रद आहे. तळे मुळात प्राचीन. त्याला घाट व तट बांधण्याचे काम म्हैसूरचे चिक्कदेवराज वोडेयर (कारकीर्द इ. स. १६७२ ते १७०४) यांच्या आज्ञेने, टांकसाळीचे अधिकारी अण्णय्या यांच्या विनंतीवरून सुरू झाले. काम पुरे होण्यापूर्वीच राजांचा अंत झाला. तेव्हा अण्णय्यांनी त्यांचे नातू पहिले कृष्णराज वोडेयर यांच्या कारकिर्दीत ते तडीस नेले, असे कवी अनंत यांच्या गोम्मटेश्वरचरित्रात सांगितले आहे. आज्ञा आजोबांची आणि पूर्तता नातवाच्या काळात! मधल्या काळात काम नजरेआड होऊ न देणारा एक निष्ठावान अधिकारी होता, म्हणूनच हे घडू शकले.

दान आणि त्याचे व्याज

मंदिर उभारणारा दाता त्याच वेळी त्याच्या नित्य खर्चाचीही सोय लावून ठेवी, हा बेळगोळच्या लेखांतून पुनःपुन्हा दिसणारा प्रघात आहे. रणांगणावरील पराक्रमाबद्दल विष्णुवर्धनांनी गंगराजांना ‘वर मागा’ म्हटले असता त्यांनी परम नावाचे गाव मागून घेतले. आपल्या मातोश्री पोचलदेवी व पत्नी लक्ष्मीदेवी यांनी बांधलेल्या जिनालयांना ते त्यांनी अर्पण केले. गोम्मटेश्वरांच्या पूजेसाठी गोविंदवाडी हे गावही त्यांनी असेच मिळवून दिले. इ. स. ११५९ मध्ये होयसळांचे भांडारी हुळ्ळ यांनी चोवीस तीर्थंकरांची भव्य वसती बांधली. तीच आजची भंडारी बसदी. नरसिंह राजांनी दर्शनास येऊन तिला ‘भव्यचूडामणी’ असे नाव दिले आणि सवणेरू हे गाव तिच्यासाठी दान केले. पुढे इ. स. ११८१ मध्ये मंत्री चंद्रमौळी यांच्या पत्नी आचियक्का यांनी अक्कन बसदी बांधली, तेव्हा दुसऱ्या बल्लाळ राजांनी बम्मेयनहळ्ळी हे गाव दिले. वास्तू आणि उत्पन्न ही जोडी येथे कोठेही फुटलेली दिसत नाही.

ही झाली राजे व मंत्री यांची गोष्ट. सामान्य श्रावकांचे दानही याच तत्त्वावर चाले. तेराव्या शतकातील काही लेखांत भाविकांनी थोडे गद्याण ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. गद्याण म्हणजे तत्कालीन सोन्याचे नाणे. मूळ रकमेला हात लावायचा नाही आणि तिच्या व्याजातून गोम्मटदेवाच्या अभिषेकासाठी रोजचे दूध पुरवायचे, अशी ती योजना होती. आज आपल्या संस्थांत ज्याला ‘ध्रुवफंड’ म्हणतात तो हाच. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी एखाद्या अनाम गृहस्थाला उद्याच्या दुधाची चिंता होती आणि तिचे उत्तर त्याने हिशेबाच्या भाषेत दगडावर कोरून ठेवले.

गुळ्ळेकायिअज्जीची कथा सर्वांनाच ठाऊक आहे. चावुंडरायांनी योजिलेला अपार दुधाचा अभिषेक मूर्तीच्या चरणांपर्यंत पोहोचेना, आणि एका वृद्धेच्या फळाएवढ्या पात्रातील दुधाने मात्र सर्वांग न्हाऊन निघाले, असे परंपरा सांगते. कथेचा आध्यात्मिक अर्थ अहंकाराच्या विसर्जनाचा आहे. शिलालेखांतील त्या छोट्या ठेवी वाचताना तिचा व्यावहारिक अर्थही उमगतो. एका दिवसाच्या महापुराने जे साधत नाही, ते रोजच्या छोट्या धारेने साधते.

ऐंशी नवी, दोनशे जुनी

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात भरतमय्य नावाचे दंडनायक होऊन गेले. गोम्मटेश्वरांच्या परिसरातील जिना व कठडा ही त्यांची सेवा. त्यांच्याविषयीचा लेख सांगतो, की गंगवाडी प्रदेशात त्यांनी ८० नव्या बसद्या उभारल्या आणि २०० जुन्या बसद्यांचा जीर्णोद्धार केला. हे दोन आकडे क्षणभर शेजारी ठेवून पाहावेत. एका नव्या मंदिरामागे अडीच जुनी मंदिरे त्यांनी सावरली. जुन्या मंदिरावर आपल्या नावाची पाटी लागत नाही, तेथे दुसऱ्या कोणाचे तरी नाव आधीच असते. तरीही त्या दंडनायकांनी आपल्या पुण्याचा मोठा वाटा त्या दुसऱ्यांच्या मंदिरांत ठेवला.

याहून महत्त्वाचा लेख इ. स. १३६८ चा, विजयनगरच्या बुक्कराय यांच्या काळातील आहे. जैन व वैष्णव यांच्यात कलह निर्माण झाला, तेव्हा राज्यातील जैनांनी राजांकडे गाऱ्हाणे नेले. बुक्करायांनी जैनांचा हात वैष्णवांच्या हातात दिला आणि दोन्ही दर्शनांत भेद नाही असा निवाडा केला. हा भाग सर्वधर्मसमभावाचे उदाहरण म्हणून वारंवार सांगितला जातो. त्या लेखाचा पुढील भाग तितकाच मोलाचा असूनही फारसा कोणी सांगत नाही. राज्यातील प्रत्येक जैन घरामागे, दारागणिक, वर्षाला एक हण गोळा करावा. त्यातून बेळगोळच्या देवाच्या रक्षणासाठी वीस सेवक नेमावेत. उरलेल्या रकमेतून जीर्ण जिनालयांना चुना द्यावा. ही सर्व व्यवस्था तिरुमलेच्या तातय्यांनी, म्हणजे एका वैष्णव आचार्यांनी, पाहावी असे ठरले.

या तरतुदीत तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे भार सर्वांवर समान आहे, श्रीमंताच्या लहरीवर तो सोडलेला नाही. दुसरी म्हणजे तो वार्षिक आहे, पडझड झाल्यावर वर्गणी मागत फिरण्याची वेळ येऊ नये अशी त्यात योजना आहे. तिसरी म्हणजे खर्चाचे काम नेमके सांगितले आहे. चुना देणे हे वरवर क्षुल्लक वाटते, पण वास्तूच्या आयुष्याशी त्याचा निकट संबंध आहे. चुन्याचा थर भिंतीत मुरलेला ओलावा बाहेर जाऊ देतो आणि ऊनपावसाचा मारा स्वतःवर घेऊन झिजतो. दर काही वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो. थर झिजतो, भिंत वाचते. सहाशे वर्षांपूर्वीच्या राजपत्रात या साध्या कामासाठी निधी राखून ठेवलेला आहे, हे आपल्या पूर्वजांच्या शहाणपणाचे द्योतक होय.

गहाण पडलेला देव

हा इतिहास केवळ उज्ज्वल प्रसंगांचाच आहे असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बेळगोळवर बिकट प्रसंग ओढवला होता. पूजेसाठी दिलेल्या जमिनी स्थानिकांनी, म्हणजे देवस्थानाच्या कारभाऱ्यांनी, सावकारांकडे गहाण टाकल्या होत्या. मूर्ती जागेवर होती, डोंगर जागेवर होता. परंतु दिव्याला तेल आणि अभिषेकाला दूध ज्या उत्पन्नातून यायचे ते दुसऱ्याच्या घरी जात होते. पाषाणाला जे ऊनपावसाने करता आले नाही, ते कारभारातील हलगर्जीपणाने होऊ घातले होते.

इ. स. १६३४ च्या लेखावरून पुढील वृत्तांत कळतो. म्हैसूरचे चामराज वोडेयर यांनी सावकारांना बोलावून घेतले आणि कर्ज स्वतः फेडण्याची तयारी दर्शविली. सावकार वरमले असावेत. त्यांनी पैसे घेतले नाहीत. आपल्या मातापित्यांना पुण्य लाभावे म्हणून गोम्मटस्वामी व गुरू चारुकीर्ती यांच्यासमोर पाणी सोडून त्यांनी गहाणखते परत केली. राजांनी एवढ्यावर समाधान मानले नाही. यापुढे देवाची जमीन जो गहाण टाकील आणि जो ती गहाण घेईल, ते दोघेही बहिष्कृत समजले जातील, असा शिलालेख त्यांनी कोरविला. चूक दुरुस्त केली आणि ती पुन्हा घडू नये म्हणून नियमही घालून दिला. विश्वस्त म्हणून काम करणाऱ्या प्रत्येकाने हा लेख आवर्जून समजून घ्यावा, इतके त्याचे महत्त्व आहे.

बारा वर्षांची उजळणी

महामस्तकाभिषेकाचा लेखी उल्लेख इ. स. १३९८ पासून मिळतो. गेल्या शतकात हा सोहळा १९१०, १९२५, १९४०, १९५३, १९६७, १९८१ आणि १९९३ या वर्षी झाला. त्यानंतर तो २००६ व २०१८ मध्ये पार पडला. १९८१ चा सोहळा मूर्तीच्या सहस्राब्दीचा होता. १९८१ पासूनचे चारही सोहळे कर्मयोगी स्वस्तिश्री चारुकीर्ती भट्टारक महास्वामी यांच्या नेतृत्वाखाली झाले. २०२३ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

या सोहळ्याचे धार्मिक माहात्म्य सांगण्याची आवश्यकता नाही. त्याचा आणखी एक लाभ मात्र नमूद केला पाहिजे. साधारण बारा वर्षांनी मूर्तीमागे मस्तकापर्यंत पहाड उभारला जातो. एरवी जेथे कोणाची दृष्टी पोहोचत नाही, तो भाग अशा वेळी जवळून पाहता येतो. १८७१ च्या अभिषेकप्रसंगी म्हैसूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अधिकाऱ्यांनी मूर्तीच्या विविध अवयवांची मापे घेतली होती. उत्सवाच्या निमित्ताने रस्ते, पायऱ्या, पाणी आणि आवार यांचीही डागडुजी होते. कारागिरांची आणि व्यवस्थापकांची एक पिढी दुसऱ्या पिढीला काम शिकविते. बारा वर्षांचे हे अंतर मोठे अर्थपूर्ण आहे. मागच्या वेळी ज्याने पहाड बांधला, तो पुढच्या वेळी सांगायला हयात असतो.

आजचा प्रश्न

श्रवणबेळगोळच्या बाहुबलींची भक्ती महाराष्ट्राच्या मातीतही खोल रुजलेली आहे. कुंभोज येथील डोंगरावरील २८ फुटी बाहुबलींची मूर्ती हे तिचे दृश्य रूप. कोल्हापूर, सांगली व बेळगाव परिसरातील अनेक गावांत जुनी दगडी जिनमंदिरे आहेत. त्यांच्या बाबतीत आज काय घडते, याचा शांतपणे विचार झाला पाहिजे.

नव्या मंदिराच्या बोलीला मोठमोठ्या रकमा सहज उभ्या राहतात. जुन्या मंदिराच्या गच्चीवर उगवलेले पिंपळाचे रोप काढायला मात्र माणूस मिळत नाही. जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थही पालटत चालला आहे. पुष्कळदा जुने पाडून त्या जागी नवे बांधण्यालाच जीर्णोद्धार म्हटले जाते. जेथे जुने राखले जाते, तेथेही हौसेने दगडी भिंतींना सिमेंटचा गिलावा होतो, खांबांना तेलरंग लागतो आणि जमिनीवर चकचकीत फरशी येते. या थरांमुळे दगडातील ओलावा आत कोंडला जातो. तो वाट शोधू लागला की पोपडे धरतात, क्षार फुटतात आणि दगडाचा पृष्ठभाग खवले सुटावेत तसा सुटू लागतो. दाता निष्ठावान असतो, भावना शुद्ध असते. तरीही वास्तूचे आयुष्य घटते. नव्या बांधकामात लोखंडी सळयांचे काँक्रीट आले. त्याची सोय निर्विवाद आहे, परंतु आत पाणी शिरून सळई गंजली की ती फुगते आणि काँक्रीट फोडते. म्हणजे त्यालाही देखरेख लागतेच. देखभालीवाचून टिकेल असे कोणतेही साहित्य मानवाला अद्याप सापडलेले नाही. अखंड ग्रॅनाइटच्या बाहुबलींनाही गंगराज लागले, भरतमय्य लागले आणि दारागणिक एक हण देणारी असंख्य अनाम घरे लागली.

बेळगोळच्या लेखांतून जी शिकवण मिळते ती कोणत्याही लहान गावातील मंदिरालाही लागू करता येण्याजोगी आहे. बांधतानाच देखभालीचा निधी वेगळा काढावा आणि त्याच्या मुद्दलाला हात लावू नये. मृगाच्या आधी दरवर्षी गच्ची, पन्हाळी आणि पायाभोवतीचे पाणी तपासावे आणि काय आढळले ते वहीत लिहून ठेवावे. जुन्या भिंतीला चुनाच द्यावा. जुन्या वास्तूचे काम जाणणारा गवंडी गावात असेल तर त्याला सन्मानाने बोलवावे आणि त्याच्या हाताखाली तरुणांना शिकू द्यावे. यात भव्य असे काही नाही, म्हणूनच ते टिकणारे आहे.

अहिंसा व अपरिग्रह ही आपली व्रते वास्तूच्या बाबतीतही वाट दाखवितात. ज्या दगडासाठी डोंगर एकदा फोडला गेला, त्या दगडाला शक्य तितके दीर्घ आयुष्य देणे आणि दुसरा डोंगर फोडण्याची वेळ शक्य तितकी लांबविणे, हा त्या व्रतांचाच एक आविष्कार होय.

संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षे हा अभिमानाचा टप्पा असतो. ज्यांनी पायाभरणी केली ती पिढी या सुमारास हळूहळू निरोप घेऊ लागते आणि किल्ल्या पुढच्यांच्या हाती येतात. मूर्तीजवळच्या त्या दोन मराठी ओळींपैकी पहिली ओळ संस्थापकांची असते. ती लिहिली गेली आहे. दुसरी ओळ राखणाऱ्यांची. चावुंडरायांनंतर ती लिहिली जाण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला. ती लिहिणारे हात आज कोणत्या तरी पाठशाळेत णमोकार मंत्र गिरवीत असतील. त्यांना राखण्याची रीत शिकविणे हे आजच्या पिढीचे कर्तव्य आहे.